संकासूर दिसला का? (लक्ष आणि जाणीव, प्रकल्पाच्या नोंदी, हर्णै)

४ जानेवारी

वहिनी शाळेत विज्ञान शिकवते. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, नववीच्या चार पोरांना प्रोजेक्ट हवाय आणि ज्वालामुखी नको, एवढं सांगून ती मोकळी झाली. मी घरून काम करतो म्हणजे दिवसभर रिकामाच असतो असा आमच्या घरात ठाम समज आहे, त्यामुळे पोरं संध्याकाळी वह्या घेऊन थेट पडवीत.

मी म्हटलं मेंदूवर करूया, लक्ष आणि जाणीव. एकच गोष्ट आहे का दोन. तर त्यातली एक पोरगी म्हणते, "दादा, वर्गात आमचं लक्ष नसतं, पण शुद्धीवर तर असतोच की आम्ही." झालं, विषय मला समजावायला अर्धा तास लागणार होता तो तिने एका वाक्यात संपवला.

तरी सोपं नाहीये ते. लक्ष नाही म्हणजे फळ्यावर नाही, खिडकीबाहेरच्या माकडावर आहेच की. खरा प्रश्न असा की ज्याच्यावर लक्ष नाही त्याची काहीतरी जाणीव असते का, आणि उलट, जाणीव नसताना लक्ष जाऊ शकतं का. मला आत्ता तरी वाटतंय की दोन्ही एकच. बघू.

सुरुवात गोरिलापासून. १९९९ साली सायमन्स आणि शब्री यांनी लोकांना व्हिडिओ दाखवला, पांढऱ्या टी-शर्टवाले आणि काळ्या टी-शर्टवाले बॉल पास करतायत, एका टीमचे पास मोजायचे. मधूनच गोरिलाचा वेष घातलेलं माणूस येतं, छाती बडवतं आणि निघून जातं. जवळजवळ निम्म्या लोकांना ते दिसतच नाही. डोळे उघडे, समोर बघतायत, आणि नाही.

आमच्याकडे गोरिला कुठला. पोरं एका आवाजात ओरडली, संकासूर! शिमग्यात खेळ्यांबरोबर नाचत येतं ते काळं सोंग.

७ जानेवारी

संकासुराचा वेष मिळणार नाही. खेळ्यांमधल्या एका आजोबांना विचारायला गेलो, काळा झगा, ती उंच टोकदार टोपी, घुंगरं, सगळं त्यांच्या माळ्यावर पेटीत आहे, पण म्हणाले, "शिमग्याआधी नाय काढायचा. आणि व्हिडिओसाठी तर नायच नाय." बरोबर आहे त्यांचं. बाजारातून काळं कापड आणलं, आईच्या मशीनवर झगा, पुठ्ठ्याची टोपी. घुंगरं नकोतच, आवाज झाला तर सगळे बघतील.

११ जानेवारी

बंदरावर शूटिंग, पूर्ण फ्लॉप. माझी आयडिया होती की संध्याकाळच्या लिलावात शूट करायचं, बैलगाडीतून मासे उतरतायत, बायकांच्या टोपल्या मोजायला लावायच्या आणि मधून संकासूर. पण लिलावात कोणाला कोणासाठी वेळ नसतो, टोपल्या मोजणं तर सोडाच, मला फ्रेममध्ये उभं राहायला जागा मिळेना, मोबाईलवर म्हाकुलाची शाई उडाली, आणि संकासूर झालेल्या पोराला एका मावशीने "बाजूला हो रे मेल्या" म्हणून ढकललं. त्याच्याकडे धड कोणी बघितलंही नाही हे आत्ता लिहिताना सुचतंय.

१३ जानेवारी

ओहोटीला किनाऱ्यावर शूट केलं. तीन पोरं पांढऱ्या बनियनमध्ये, तीन शाळेच्या निळ्या ड्रेसमध्ये, प्रत्येक टीमकडे एक रिकामी टोपली, ती एकमेकांकडे फेकायची. मागे सुवर्णदुर्ग, एका बाजूला कनकदुर्गावरचं दीपगृह. पांढऱ्यांचे पास मोजायचे. संकासूर डावीकडून येतो, मधे थांबून दोन गिरक्या घेतो, उजवीकडे निघून जातो. ४० सेकंद. सहावा टेक चांगला आलाय, आधीच्या पाचांत कोणी ना कोणी हसलंय.

रंग मुद्दाम तसे, मोजायचे पांढरे आणि संकासूर काळा. तुम्ही जे शोधताय त्याच्याशी मिळतंजुळतं काही आलं तर ते दिसण्याची शक्यता जास्त. त्या मूळ प्रयोगात काळ्या टीमचे पास मोजणाऱ्यांना काळा गोरिला जास्त दिसला होता. म्हणजे लक्ष हा नुसता बॅटरीचा झोत नाही, जागेवर पडतो आणि तिथलं सगळं उजळतं असा. तो चाळणीसारखापण चालतो, या रंगाचं ठेव, त्या रंगाचं सोड. पोरांना कोळंबी निवडतानाचं उदाहरण दिलं, लगेच कळलं. ढिगात कोळंबी निवडताना बाकीची बारीक मासळी हाताखालून जाते, दिसत नाही.

१८ जानेवारी

दुसरा भाग, बदल-आंधळेपणा. रेन्सिंक आणि मंडळींनी १९९७ साली केलेली युक्ती: एक फोटो, मग क्षणभर कोरा पडदा, मग तोच फोटो पण एक गोष्ट बदललेली, परत कोरा, परत पहिला, असं चालू ठेवायचं. बदल चांगला मोठा असतो तरी लोकांना सापडायला वेळ लागतो, कधी कधी मिनिटभर.

त्यांचे आकडे फोटो २४० मिलीसेकंद, कोरा पडदा ८०. स्लाइड शो करून बघितला तर वेळ पाळत नाही, म्हणून पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा बदलते म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलीसेकंद, तर ८० साठी ५ फ्रेम आणि २४० साठी १४. फोटो जेटीवरचा, त्यात एका होडीचं इंजिनच गायब केलं.

पहिल्या दिवशी गंमत झाली. सगळ्यांना एका सेकंदात सापडायला लागलं. पोरं खूश, मी हैराण. मग कळलं की माझ्या कोडमध्ये कोरा पडदा येतच नव्हता, फोटोवर थेट दुसरा फोटो पडत होता. म्हणजे इंजिनच्या जागी काहीतरी हललं, आणि हललं की लक्ष तिकडे आपोआप ओढलं जातं, शोधावं लागतच नाही. कोरा पडदा आला की सगळा फोटोच एकदम लखलखतो, मग ते एक हलणं त्या गर्दीत बुडतं आणि तुम्हाला एकेक वस्तू तपासत बसावं लागतं. बग काढला, आणि वहिनीला त्याच फोटोला ५२ सेकंद लागले. ती अजून चिडलेली आहे, म्हणते होडीचं इंजिन कोण बघतं.

हा बग प्रदर्शनात मुद्दाम ठेवायचा, दोन लॅपटॉप शेजारी शेजारी.

२३ जानेवारी

ही नोंद प्रोजेक्टची आहे का घरची, माहीत नाही.

मोठी आत्या आमच्याकडेच असते. गेल्या गणपतीनंतर तिला झटका आला, मेंदूच्या उजव्या बाजूला, डावा हात अजून नीट चालत नाही. डोक्याने तल्लख, सगळ्यांची लग्नं कुठल्या साली ते सांगते. आज जेवताना म्हणाली, "लोणचं संपलं काय गो? चार दिवस वाढलंनाय." आई म्हणाली वाढलंय की. आत्या म्हणाली कुठाय?

ताटात होतं. मीठ, लोणचं, कोशिंबीर, सगळं डावीकडे, जसं वाढतात तसं. उजवीकडची भाजी साफ, भाताची मूद उजवीकडून अर्धी खाल्लेली, अगदी सुरीने कापल्यासारखी, आणि डावा अर्धा भात तसाच. मी काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. "हां, हे काय," म्हणून तिने लोणचं घेतलं.

डोळे ठीक आहेत तिचे, डॉक्टरांनी तपासलेत. मेंदूच्या उजव्या बाजूच्या पॅरायटल लोबला (वरचा, मागच्या अंगाचा भाग) आणि आसपास इजा झाली की असं होतं, एकांगी दुर्लक्ष. डावी बाजू दिसत नाही असं नाही, तिकडे लक्षच जात नाही. आणि मुख्य म्हणजे काही सुटतंय हेही कळत नाही. आपल्याला डोक्यामागचं दिसत नाही, पण म्हणून तिथे काळोख आहे असं वाटत नाही ना, तसं. चार महिने मी तिच्यासमोर बसून जेवतोय आणि माझ्या लक्षात आलं नाही. संकासूर काय.

वाचलेलं एक: मार्शल आणि हॅलिगन, १९८८. अशाच एका बाईंना दोन घरांची चित्रं दाखवली, एकाच्या डाव्या बाजूला आग लागलेली. त्या म्हणायच्या, दोन्ही सारखी. पण राहायला कुठलं आवडेल विचारलं की बहुतेक वेळा न जळणारं. म्हणजे डावीकडचं आत कुठेतरी पोचत होतं, फक्त त्यांना पोचत नव्हतं.

२६ जानेवारी

झेंडावंदन. काम नाही. जिलबी.

२९ जानेवारी

माझं 'दोन्ही एकच' कोसळलं.

आत्याचं बघून वाटत होतं की बघा, लक्ष गेलं की जाणीव गेली, एकच आहे. मग अंधदृष्टीबद्दल वाचलं. डोक्याच्या मागच्या बाजूला दृष्टीचा पहिला भाग असतो, त्याला एका बाजूने इजा झाली की समोरच्या दृश्याचा तेवढा भाग दिसत नाही. पण लॉरेन्स वाइसक्रँट्झ यांना १९७० च्या दशकात असे पेशंट सापडले की न दिसणाऱ्या भागात ठिपका कुठे आहे ते 'अंदाजाने' सांगा म्हटलं तर बरोबर दाखवायचे, आणि वर म्हणायचे मला काही दिसलं नाही, मी आपलं ठोकलं.

आणि १९९९ मध्ये केंट्रिज, हेवूड आणि वाइसक्रँट्झ यांनी अशाच एका माणसाच्या आंधळ्या भागात आधी खूण दाखवली, इथे बघ अशी, आणि मग तिथे वस्तू. खुणेच्या जागी वस्तू आली तर त्याचं उत्तर लवकर यायचं. म्हणजे त्याचं लक्ष तिकडे गेलेलं होतं, कामही करत होतं, आणि तरी वस्तू दिसल्याची जाणीव शून्य.

क्रिस्तोफ कॉख आणि त्सुचिया यांनी २००७ मध्ये हेच मांडलं, लक्ष आणि जाणीव या मेंदूतल्या दोन वेगळ्या प्रक्रिया. एकमेकींबरोबर चालतात म्हणून एकच वाटतात. सगळ्यांना पटलेलं नाहीये. दुसरा पक्ष म्हणतो की लक्षाशिवाय जाणीव होतच नाही, लक्ष पुरेसं नसेल पण लागतं नक्की.

पोरांना सांगायला नळाचं उदाहरण घेतलं, नळ सोडला म्हणजे पाणी येईलच असं नाही, नळ म्हणजे लक्ष आणि पाणी म्हणजे जाणीव. लगेच एकजण, "आणि नळ न सोडता पाणी येतं का?" तेच तर भांडण आहे बाबा.

२ फेब्रुवारी

इयरफोनचा प्रयोग. एका कानात एक आवाज, दुसऱ्यात दुसरा, उजव्या कानातलं मोठ्याने म्हणत राहायचं. कॉलिन चेरी, १९५३: दुसऱ्या कानात भाषा बदलली तरी लोकांना कळत नाही, पुरुषाचा आवाज बाईचा झाला तर कळतं. मोरे, १९५९: दुसऱ्या कानात स्वतःचं नाव आलं तर साधारण तिघांतल्या एकाला ऐकू येतं.

आम्ही उजव्या कानात इतिहासाचा धडा आणि डाव्यात शेतीच्या बातम्या लावल्या, बातम्यांच्या मधे पोराचं नाव. एकालाही नाव ऐकू आलं नाही. मग "लाईट आली" टाकलं, दोघांनी इतिहास सोडून पंख्याकडे बघितलं. सिद्ध काही झालं नाही, चार पोरं आणि एक डुगडुगता इयरफोन. पण प्रदर्शनात हे घ्यायचंच.

८ फेब्रुवारी

रात्री साडेअकरा. झोप येत नाहीये म्हणून लिहितोय.

शेजारच्या बागेत पाण्याचा पंप चालू होता, मी काम करत होतो, आणि तो बंद झाला. बंद झाल्यावर कळलं की चालू होता. आणि एवढंच नाही, कळलं की बराच वेळ चालू होता. मग समुद्राची गाज ऐकू आली, जी काय अर्थातच आधीपण होतीच, मी इथे जन्मलोय, गाज कधी बंद झालेलीच नाही आयुष्यात.

आता प्रश्न. पंपाकडे माझं लक्ष नव्हतं. त्याची जाणीव होती का? नव्हती म्हणावं तर थांबल्यावर 'इतका वेळ चालू होता' हे कुठून आलं? होती म्हणावं तर आत्तापर्यंत मला कोणी विचारलं असतं की काय ऐकू येतंय तर मी काय सांगितलं असतं? विचारल्याबरोबर लक्ष तिकडे गेलं असतं! फ्रिजचं दार बंद केल्यावर आतला दिवा विझतो का, ते बघायला दार उघडण्यासारखं आहे हे.

नेड ब्लॉक नावाचे तत्त्वज्ञ म्हणतात अनुभव आपल्या सांगण्यापेक्षा जास्त असतो, सांडतो. ते स्पर्लिंगच्या १९६० च्या प्रयोगाकडे बोट दाखवतात: १२ अक्षरं, तीन ओळी, क्षणभर दाखवायची. लोकांना चार-पाचच सांगता येतात, पण शपथेवर सांगतात की सगळी दिसली होती. आणि अक्षरं गेल्यावर लगेच सूर वाजवून एकच ओळ विचारली तर त्या ओळीतली जवळजवळ सगळी सांगतात, कुठलीही ओळ विचारा. म्हणजे क्षणभर सगळी होती. सांगेपर्यंत गेली.

दुसरी बाजू म्हणेल की मेंदूत साठा होता, अनुभव होता कशावरून. मी आज ब्लॉकच्या बाजूला. उद्याचं माहीत नाही.

१४ फेब्रुवारी

वाडीत ट्रायल घेतली, १९ माणसं. व्हिडिओ दाखवायचा, पास किती विचारायचे, मग "काही वेगळं दिसलं का?" ११ जण म्हणाले नाही. पोरं नाचायला लागली, दादा निम्म्याहून जास्त!

मग चहा घेताना एक काकी, मासे विकतात, 'नाही' म्हणालेल्या, सहज म्हणतात, "त्या संकासुराची टोपी वाकडी झालेली रे."

मी म्हटलं काकी, तुम्ही तर म्हणालात काही वेगळं दिसलं नाही! तर म्हणे, "संकासूर काय वेगळा? शिमगा आलाय जवळ. आणि तू टोपल्या मोजायला सांगितलंनस, मी मोजल्या. चौदा."

चौदाच होत्या.

परत सगळ्या अकरा जणांना विचारलं. आणखी दोघांना दिसला होता. म्हणजे आमचा आकडाच खोटा. प्रश्न चुकला: अमेरिकेत गोरिला वेगळा, आमच्याकडे संकासूर वेगळा नाही. आणि खोलवर बघितलं तर त्याहून मोठी चूक, आम्ही 'दिसलं का' मोजतच नव्हतो, 'सांगितलं का' मोजत होतो. दिसलं, सांगायच्या लायकीचं वाटलं नाही. दिसलं, विसरलं. दिसलंच नाही. तिन्हींचं उत्तर एकच, "नाही". दिसून लगेच पुसलं गेलं असेल ही शंका जेरेमी वुल्फ यांनी १९९९ मध्येच काढली होती, हा आंधळेपणा नाही, विसराळूपणा आहे म्हणून.

आपली भाषापण घोळ घालते. लक्ष दिलं, लक्षात आलं, लक्षात राहिलं. पहिलं लक्ष, दुसरी जाणीव, तिसरी आठवण, तिन्हीला शब्द एकच. वहिनीला सांगितलं तर म्हणाली हे फलकावर पहिलं लिहा.

१६ फेब्रुवारी

नवीन पद्धत. अलीकडे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मंडळींनी केलंय तसं: "नाही" म्हणणाऱ्यालापण सोडायचं नाही, विचारायचं की कुठल्या बाजूने आला, नाही दिसला तरी ठोक. त्यांच्याकडे "नाही" वाल्यांचे अंदाज, सगळे मिळून, नुसत्या नशिबापेक्षा चांगले आले. आणि काही लोकांना संकासूर नसलेला व्हिडिओ दाखवायचा, उगाच 'हो' म्हणणारे किती ते कळायला.

बाजू बदलायला व्हिडिओ सरळ आरशासारखा उलटा केला. हुशारी अंगाशी. पहिल्याच काकांनी पास मोजता मोजता सांगितलं, "दीपगृह उलट्या अंगाला कसं?" संकासूर दिसला नव्हता त्यांना! जागेचा एकंदर चेहरा ओळखायला लक्ष फारसं लागत नाही असं एक संशोधन आहेच, फोटोत प्राणी आहे का नाही हे लोक लक्ष दुसरीकडे गुंतलेलं असतानाही सांगतात. काकांनी ते फुकटात करून दाखवलं. आता उजवीकडून येणारा परत शूट करायचा. टोपीला सेफ्टी पिन.

२१ फेब्रुवारी

बिझियाक आणि लुझ्झाती यांचा १९७८ चा प्रयोग मिलान शहरातला. डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होणाऱ्या पेशंटना सांगितलं, चर्चसमोरच्या चौकात उभे आहात अशी कल्पना करा, काय काय दिसतं? त्यांनी उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. मग म्हटलं आता समोरच्या टोकाला जाऊन उलटे उभे राहा, तर आधी सोडलेल्या सांगितल्या आणि आधी सांगितलेल्या सोडल्या.

मला राहवलं नाही. आत्याला विचारलं, एसटी स्टँडवरून आपल्या घरी येताना काय काय लागतं? तिने डावीकडची, उजवीकडची, सगळी घरं सांगितली, प्रत्येक घरातलं एक भांडण धरून. विहीर पण, डावीकडे आहे ती. म्हणजे तिच्या कल्पनेत डावी बाजू शाबूत आहे, ताटात नाही. दोन्ही एकत्र बिघडतीलच असं नसतं, हे नंतर वाचलं.

आईने ऐकलं आणि मला आत बोलावून चांगलं झापलं. ती काय तुमचा प्रयोग आहे का म्हणून. फलकावर आत्या येणार नाही, हे लिहून ठेवतो.

फिजिओवाल्या ताईंनी ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायला सांगितलंय. आधी लाल पट्टी शोधायची, मग जेवायला सुरुवात. ताट फिरवायचं नाही, लोणचं डावीकडेच वाढायचं.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिन. आमच्या टेबलावर गर्दी, दोन लॅपटॉपवाला प्रकार सगळ्यात हिट, "लाईट आली" दुसरा. संकासूर ३१ जणांनी बघितला, त्यातल्या १४ जणांना खरंच दिसला नाही, या वेळी नीट विचारून. त्या १४ पैकी ९ जणांनी बाजू बरोबर ठोकली. चौदांत नऊ म्हणजे नाणं उडवूनही येतात, पोरांना हे मान्य करायला लावलं, वाईट वाटलं त्यांना.

बक्षीस ज्वालामुखीला.

१ मार्च

सामान आवरत होतो, आत्या म्हणाली दाखव तरी काय केलंत ते. आईकडे बघितलं, ती हो म्हणाली. मोजायला काही सांगितलं नाही, नुसता पहिला व्हिडिओ लावला, संकासूर डावीकडून येणारा.

अर्धा होईपर्यंत गप्प. मग एकदम हसली, "अगो बाय, संकासूर!"

मी विचारलं, कुठून आला गो?

"कुठून म्हणजे? मधेच उगवला."

परत लावला, आणि या वेळी लॅपटॉपच्या डाव्या कडेला ताटाची ती लाल पट्टी चिकटवली.